कुत्र्या-मांजराच्या पिल्लाचा डोळा गळतोय? आधी एवढं बघा

घाबरू नका. दोन्ही डोळे सताड उघडे आणि पाणी पातळ, स्वच्छ असेल तर एक दिवस थांबायला हरकत नाही. एकच डोळा मिटून पंजाने चोळत असेल, तर आत बहुधा पुळणीवरची वाळू किंवा पावसाळ्यानंतरच्या गवताचं कुसळ असतं. कुसळ तिसऱ्या पापणीआड (नाकाकडच्या कोपऱ्यातला आतला पडदा) दडतं, चिमटा घेऊन मागे लागू नका.

घरी फक्त धुवायचं. ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी) मुठीत धरून कोमट करा, धार नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर सोडा. टिपायला गॉज (जाळीदार पट्टी), दर डोळ्याला वेगळा; कापसाचे तंतू आत चिकटतात. चोळू नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे शंकूसारखी कॉलर.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे घरात उरलेले ड्रॉप. त्यात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असेल आणि कॉर्नियावर (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) ओरखडा, तर जखम खोल जाते. म्हणून डॉक्टर आधी फ्लुरोसीन नावाचा रंग टाकतात. ओरखडा हिरवा चमकतो. (मध, शहाळ्याचं पाणी? अजिबात नको.)

त्याच दिवशी दवाखाना:
- डोळा उघडतच नाही
- कॉर्निया निळसर-पांढरा
- बाहुल्या लहानमोठ्या
- डोळा खोबणीतून बाहेर आलाय: सलाईनने भिजवलेला गॉज ठेवून लगेच निघा, आत ढकलू नका