अल्पाकाच्या पिल्लाला न्यूमोनिया झालाय का, हे कसं ओळखायचं आणि उपचार काय?

तीन आठवड्यांचं पिल्लू दूध कमी पितंय आणि धापा टाकतंय, तर उद्यावर ढकलू नका. आजच पशुवैद्य बोलवा.

पिल्लू शांत बसलेलं असताना बरगड्यांची हालचाल मोजा. मिनिटाला 10 ते 30 श्वास ठीक. मान पुढे ताणून, नाकपुड्या फुलवून श्वास घेत असेल तर आजार गंभीर आहे. अल्पाका एरवी नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे तोंड उघडं दिसलं की एक मिनिटही दवडू नका.

अल्पाकाच्या फुफ्फुसांचा आवाज मुळातच हळू असतो. न्यूमोनिया असूनही स्टेथोस्कोपमध्ये फारसं काही ऐकू येत नाही. म्हणून 'छाती साफ आहे' एवढ्यावर थांबू नका, एक्स-रे किंवा सोनोग्राफी आणि रक्ततपासणीचा आग्रह धरा.

अँटिबायोटिक आणि डोस डॉक्टरच ठरवतील. सोबत ताप-सूज उतरवणारं औषध, गरज पडली तर ऑक्सिजन. गुरांसाठी आणलेलं टिल्मिकोसिन हे अँटिबायोटिक मात्र चुकूनही टोचू नका, जिवावर बेततं. पहिल्या दिवशी चीक पोटात गेला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नसेल तर चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती भरून काढायला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) द्यावा लागू शकतो. आणि बाटलीने जबरदस्तीने दूध पाजू नका, ते फुफ्फुसात उतरतं.