पर्यावरण संशोधन संस्थांचे प्रमुख मुळात काय शिकलेले असतात?

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला पर्यावरणात संशोधन करायचंय, आणि मोठ्या संस्थांमध्ये वरच्या पदांवर बसलेल्या लोकांचं मूळ शिक्षण काय असतं, बी.एस्सी.ला पर्यावरणशास्त्रच घ्यायला हवं का, असं तुम्ही विचारलंय. खाली एक ओळ जोडलीय : "आमचे एक नातेवाईक म्हणतात, मूळ डिग्री त्याच विषयातली नसेल तर तिथे जन्मभर उपरं म्हणून राहावं लागतं." त्या ओळीमुळे मी लिहायला बसलो.

तुमचे नातेवाईक चुकताहेत. मागच्या पिढीत या क्षेत्रात जे वर पोहोचले, त्यांच्यातले बहुतेक दुसरीकडूनच आलेले आहेत. यायला दुसरी वाटच नव्हती, कारण पर्यावरणशास्त्र नावाचा विभाग तेव्हा विद्यापीठांत क्वचितच सापडायचा. नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था घ्या. १९५८ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असं होतं. नळाचं पाणी, सांडपाणी, मैला, हे तिचे विषय. 'पर्यावरण' हा शब्द नावात आला १९७४ मध्ये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सुरुवातीचे दोन्ही संचालक, पणिक्कर आणि कासिम, प्राणिशास्त्रातले. त्यातले कासिम पुढे केंद्राच्या पर्यावरण खात्याचे सचिव झाले आणि १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली निघाली. त्याच संस्थेचे नंतरचे संचालक सतीश शेट्ये भौतिकशास्त्राच्या अंगाने समुद्राकडे आले. माधव गाडगीळ पुण्यात आणि मुंबईत जीवशास्त्र-प्राणिशास्त्र शिकले, हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्रात (इकॉलॉजीत) डॉक्टरेट केली, आणि १९८३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. सुलोचना गाडगीळ उपयोजित गणितातून मान्सूनकडे वळल्या. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था ज्यांनी नावारूपाला आणली ते एरच भरूचा शल्यविशारद. कॉलेजच्या सगळ्या शाखांना पर्यावरण विषय सक्तीचा झाला तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक या सर्जननेच लिहिलं.

बाहेरच्या देशातलं माझं आवडतं नाव पॉल क्रुटझेन. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत हा मुलगा तापाने फणफणला होता. गुण कमी पडले, शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि विद्यापीठात जाणं राहिलं. मग त्याने तीन वर्षांचा सिव्हिलचा कोर्स केला आणि ॲम्स्टरडॅम शहराच्या पूल बांधणाऱ्या कचेरीत नोकरी धरली. पुढे स्वीडनमध्ये असताना त्याला वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागाला संगणक प्रोग्रामर हवा होता. प्रोग्रामिंगचा काडीचाही अनुभव नव्हता, तरी अर्ज केला. १९५९ मध्ये तिथे रुजू झाला, नोकरी सांभाळून तासांना बसला, पदवी घेतली, डॉक्टरेट केली. नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोनचा नाश कसा करतात हे त्याने १९७० मध्ये मांडलं. १९८० ते २००० अशी वीस वर्षं जर्मनीत माइंट्सच्या माक्स प्लांक संस्थेत वातावरण रसायनशास्त्राचा प्रमुख होता. १९९५ चं नोबेल त्याला आणखी दोघांबरोबर मिळालं, तेही रसायनशास्त्राचं.

त्याच्याच जोडीला वीरभद्रन रामनाथन. अण्णामलाई विद्यापीठातून अभियंता होऊन सिकंदराबादला रेफ्रिजरेटरच्या कंपनीत लागले. यंत्रातला गॅस इतक्या लवकर का गळतो, हे शोधायचं काम होतं. तोच गॅस हवेत गेल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता अडवतो, हे १९७५ मध्ये त्यांनीच जगाला सांगितलं. पुढे १९९९ मध्ये हिंदी महासागरावरच्या धुरकट थराचा अभ्यास करणारी मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तिचं नेतृत्व या दोघांकडे होतं. एक पुलांच्या कचेरीतून आलेला, दुसरा फ्रिजच्या कारखान्यातून.

आता माझं. मी पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमावाला. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा उपविभागात कनिष्ठ अभियंता होतो, सात वर्षं. बोअर मारायच्या, वरचं पाणी आणि माती आत येऊ नये म्हणून बोअरमध्ये केसिंगचा पाईप टाकून घ्यायचा, हातपंप बसवायचे, ओटा बांधून घ्यायचा, बिलं करायची. त्या नोकरीतच ए.एम.आय.ई. केलं, म्हणजे नोकरी सांभाळून देता येणारी, अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची परीक्षा, मग एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा, मग पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. आणि एका संशोधन संस्थेत लागलो. संस्थेचं नाव लिहिणार नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांपैकी ती नाही. डॉक्टरेट पूर्ण झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो.

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं काम आलं. खोल दगडातून पाण्यात उतरणारं हे फ्लोराइड जास्त झालं की दात आणि हाडं बिघडतात. पांढरकवड्याच्या पुढच्या एका गावात शाळेजवळच्या हातपंपाचा मे महिन्यातला आकडा लिटरला ३.१ मिलिग्रॅम आला. मर्यादा १ ची, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. ऑगस्टमध्ये त्याच पंपाचा आकडा १.२. मधल्या काळात, जूनमध्ये, प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजायचा नवा इलेक्ट्रोड आला होता. रसायनशास्त्राची मंडळी म्हणाली, जुना इलेक्ट्रोड खराब होता, मेचे आकडे रद्द करा. बोलणं तर्काला धरून होतं. त्यांनी मोजणीआधी नमुन्यात घालायचं द्रावण, बफर, नव्याने करून घेतलं, तीन-तीनदा मोजलं, प्रत्येक वेळी १.२. अहवालात ते गाव 'सुरक्षित'च्या रकान्यात जाणार होतं. म्हणजे पर्यायी पाण्याच्या यादीतून बाहेर.

मी त्या गावात नमुने घ्यायला स्वतः गेलो होतो. शाळेतली पोरं हसली की दातांवर आडवे तपकिरी पट्टे दिसायचे. पाच-सहा पोरांच्या नाही, वर्गच्या वर्गाच्या. १.२ च्या पाण्याने एवढं होत नाही, ही माझी खूणगाठ होती. पण ती बैठकीत मांडण्याजोगी गोष्ट नव्हती.

मग मी ऑगस्टच्या नमुन्यांचे बाकीचे आकडे काढून बसलो. नायट्रेट ७० च्या वर, मेमध्ये ते २० च्या आत होतं. कोलिफॉर्म जंतू मेमध्ये नाहीत, ऑगस्टमध्ये आहेत. फ्लोराइड उतरलं आणि त्याच वेळी नायट्रेट चढलं, जंतू आले, आणि ही दोन्ही येतात वरच्या घाणीतून. हे ज्याने बोअर मारल्या आहेत त्याला सांगावं लागत नाही. वरचं पाणी आत उतरत होतं.

पंचायत समितीच्या हातपंप मेकॅनिकला बरोबर घेऊन परत गावात गेलो. ओट्याला पंपाच्या पायापासून कडेपर्यंत तडा गेलेला. बायका तिथेच धुणं धुवायच्या, गुरं तिथेच पाणी प्यायची, सांडपाण्याची नाली तुंबलेली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हितं केसिंग वीस फुटावर थांबवलंय. खाली कडक दगड लागला म्हणून ठेकेदारानं वरच्या वर उरकलं." आम्ही ड्रममध्ये वीस किलो खडेमीठ विरघळवलं आणि ते पाणी त्या तुंबलेल्या नालीत सोडलं. दोन पोरं आळीपाळीने दांडा मारत होती, मी दर पाच मिनिटांनी बाटली भरून पाण्याची विद्युतवाहकता मोजत होतो, कारण पाण्यात मीठ आलं की ती वाढते. पहिला अर्धा तास मीटर ९०० च्या आसपास रेंगाळला. मग हळूहळू चढायला लागला, ९६०, १०८०, आणि पन्नासाव्या मिनिटाला १४०० वर गेला. नालीतलं पाणी त्या पोरांच्या घशात जात होतं. पावसाळ्यात हेच पाणी खालच्या फ्लोराइडवाल्या पाण्यात मिसळून आकडा पातळ करत होतं. दोन्ही इलेक्ट्रोड ठीक होते. दोन्ही आकडे खरे होते, फक्त ऑगस्टचा आकडा त्या बोअरच्या खोल पाण्याचा नव्हता.

गाव यादीत राहिलं. ओटा फोडून नवा बांधला. अहवालात या सगळ्याचा एक परिच्छेद आला.

सहा वर्षांनी विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत झाली. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी, ज्यांचं काम मी मानत होतो आणि आजही मानतो, माझा बायोडेटा पहिल्या पानावरच थांबवला. "तुम्ही मूळचे डिप्लोमा ना?" म्हटलं, हो. त्यांनी ही यवतमाळची गोष्ट विचारली, मी सांगितली. ते म्हणाले, "हे गवंड्याचं निरीक्षण झालं. यात विज्ञान कुठे आहे?" मी काही बोललो नाही. ती जागा दुसऱ्याला मिळाली. मला ती तीन वर्षांनी मिळाली, वेगळ्या समितीकडून. निवृत्त होईपर्यंत मी तो विभाग चालवला आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक एम.एस्सी.च्या मुलाला पहिला महिना प्रयोगशाळेत पाऊल टाकू दिलं नाही. बोअरवर, नाल्यावर, मैलापाणी केंद्रावर पाठवलं. काही जण नाराज झाले. आज त्यांच्यातले तिघं स्वतःच्या प्रयोगशाळा चालवतात आणि तिघंही हेच करतात.

म्हणून मला विचाराल तर मुलीला पदवीला एक पक्का मूळ विषय घेऊ द्या. रसायनशास्त्र, भूशास्त्र, सिव्हिल किंवा केमिकल इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, काहीही. पर्यावरण त्यावर एम.एस्सी. किंवा एम.टेक.ला घेता येतं. नुसत्या बी.एस्सी. पर्यावरणमध्ये सगळ्याची थोडी थोडी ओळख होते आणि एकही हत्यार हातात बसत नाही. हे माझं स्पष्ट मत आहे आणि मी त्यावरून बऱ्याच प्राध्यापकांशी भांडलोय.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वर सांगितलेला काळ आता राहिलेला नाही. जाहिरात बघून प्रोग्रामर म्हणून शिरायचं आणि प्रमुख व्हायचं, असं आज होणार नाही. शास्त्रज्ञाच्या जागेला डॉक्टरेट जवळजवळ गृहीतच धरतात, आणि संचालकाचं नाव शोध समितीपुढे येतं तेव्हा मागे वीस-पंचवीस वर्षांचं संशोधन असावं लागतं. डॉक्टरेटसाठी फेलोशिप हवी तर नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषयच नाही. जीवशास्त्र, रसायन, भू-वातावरण, भौतिक, गणित, एवढेच. पर्यावरणवाल्यांना यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) नेट द्यावी लागते किंवा जीवशास्त्राच्या पेपरला बसावं लागतं. मूळ विषय पक्का असला तर इथेही फायदा होतो. गेटला मात्र २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे. ज्युनिअर फेलोला सध्या महिन्याला ३७,००० मिळतात, पण प्रकल्पावर नेमलेल्या मुलांची कंत्राटं वर्षा-वर्षाने वाढतात आणि निधी आटला की थांबतात. घरात हे आधीच बोलून ठेवा.

दुसरं असं की, पर्यावरणशास्त्राचीच पदवी घेऊन उत्तम काम करणारी मुलं-मुली मी पाहिली आहेत. तिचं मन तिथेच असेल तर अडवू नका.

आणि उपरेपणाचं म्हणाल, तर पंचविशीत-तिशीत कधीतरी तिला कुणीतरी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हे विचारणारच. विषय कुठलाही घेतला तरी. तेव्हा तिने गप्प बसू नये. मी बसलो, ते चुकलं. त्या सदस्यांना मला एवढंच सांगायचं होतं की सर, मेचे जे आकडे सगळे जण रद्द करायला निघाले होते, ते आकडे बरोबर होते.