पहिल्यांदाच एकटी परदेशी निघालीस, तर आधी हे वाच

भीती वाटते म्हणून जाणं रद्द करू नकोस, पण ती दाबूनही टाकू नकोस. "तो देश सुरक्षित आहे का?" याला एका शब्दात उत्तर नसतं. कुठला भाग, किती वाजता, कशानं जाणार, असं सुटं सुटं करून विचार.

माझ्या अनुभवात सगळ्यात नाजूक असतात ते पोहोचल्यावरचे पहिले काही तास. झोप अपुरी, दोन्ही हातांत सामान, फोनला नेटवर्क नाही. म्हणून विमान दिवसाउजेडी उतरेल असंच तिकीट काढ, थोडं महाग पडलं तरी. पहिल्या रात्रीची खोली आणि तिथवर नेणारी गाडी निघण्यापूर्वीच ठरव. पत्ता तिथल्या भाषेत कागदावर लिहून ठेव. रिसेप्शनवर कुणी तुझा खोली क्रमांक चारचौघांत मोठ्यानं सांगितला, तर निःसंकोच दुसरी खोली माग. मी मागितली आहे, मिळालीही.

तातडीच्या मदतीसाठीचा फोन नंबर पाठ कर: युरोपीय संघात कुठेही ११२ लागतो, अमेरिकेत ९११. पासपोर्टची प्रत वेगळ्या बॅगेत हवी.

आणि कुणाजवळ अस्वस्थ वाटलं तर कारण शोधत बसू नकोस, उठून नीघ. समोरच्याला वाईट वाटेल याची काळजी आपण मुली फार करतो गं.