बीटचा रंग का टिकत नाही?

प्रश्न: ताई, कॉटनच्या जुन्या ओढणीला बीट उकळून रंग दिला, मस्त गुलाबी आला पण दुसऱ्या धुण्यातच गेला. मग पूर्वी लोकांचं झाडांच्या रंगांवर कसं भागायचं? आणि दुकानात नॅचरल डाय म्हणून जास्त पैसे घेतात, ते पर्यावरणाला खरंच चांगलं असतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बीटचा रंग सुती धाग्याला नुसता लागतो, धरत नाही. मॉर्डंट, म्हणजे रंग धाग्याला बांधून ठेवणारा पदार्थ, वापरलं तरी बीट फारसं टिकत नाही. पण झाडांचे इतर बरेच रंग मॉर्डंटने पक्के धरतात आणि आपल्याकडे हे काम शेकडो वर्षं तुरटी आणि लोखंडाने केलंय. कच्छचं अजरख हे ठशांनी छापलेलं कापड बघा, ते आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग ठशाने काही ठिकाणी तुरटी लावतात आणि काही ठिकाणी गूळ नि भंगार लोखंड आंबवून केलेलं पाणी, लोखंड हिरड्याला भेटलं की तिथे काळं होतं आणि नंतर मंजिष्ठेच्या लाल मुळांच्या पाण्यात उकळलं की तुरटीची जागा लालभडक होते, रंगाचं पातेलं एकच! लाल रंगासाठी आलची मुळंही वापरायचे, आल म्हणजे बारतोंडी. निळीला मात्र मॉर्डंट लागत नाही, कापड हौदातून हिरवट निघतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं, हे एकदा तरी बघाच.

हे सगळं मागे पडलं ते १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम जांभळा रंग सापडल्यापासून. १८६८ मध्ये मंजिष्ठेतला लाल प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. पण जुनं सगळं छान होतं असं कृपया समजू नका, बिहारच्या चंपारणमध्ये शेतकऱ्याला बिघ्यातल्या २० पैकी ३ कठ्ठ्यांत सक्तीने नीळ लावावी लागायची, त्यासाठीच १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले.

आता पर्यावरणाचं. रंग झाडाचा आहे एवढ्यावर चांगला ठरत नाही, मॉर्डंट म्हणून मोरचूद किंवा क्रोमियम वापरून ते पाणी नाल्यात सोडलं तर कसलं नॅचरल? शिवाय धुवायला पाणी भरपूर लागतं आणि तेही चांगलं लागतं. कच्छमधल्या धमडका गावात अजरख करणाऱ्या खत्रींनी १९७० च्या दशकात झाडांचे रंग पुन्हा सुरू केले, पण २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले म्हणून बऱ्याच जणांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं.

मला सगळ्यात पटतात ते फेकून द्यायच्या सालींचे रंग. डाळिंबाची साल सोलापूर-सांगली भागात हवी तेवढी मिळेल, कांद्याची तर घरातच असते. कापड स्वच्छ धुऊन हिरड्यात भिजवा, वाळवा, मग कापडाच्या वजनाच्या साधारण १५ टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर ठेवा, नंतर सालीच्या पाण्यात मंद आचेवर तासभर. पिवळा येईल आणि टिकेलही, फक्त सावलीत वाळवा. दुकानदाराला मात्र मॉर्डंट कुठलं आणि रंगाचं पाणी कुठे सोडता एवढं विचाराच, ज्याला माहीत असतं तो सांगतो.