गावातलं जुनं चर्च बघताना आधी छप्पर बघा

गावोगावची जुनी चर्च बघायची असतील, तर जालन्यापासून सुरुवात उत्तम. स्कॉटिश मिशनचे धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात वसवलेलं बेथेल हे ख्रिस्ती गाव तिथून जवळच आहे. फक्त उंच मनोरे, रंगीत काचा, नक्षीकाम शोधत जाऊ नका. नवखे लोक हेच करतात आणि 'साधा हॉल तर आहे' म्हणत पाच मिनिटांत बाहेर पडतात. अहो, साधा हॉल हेच तर बघायचंय!

सुरुवातीला एवढंच करा:

१. आत उभं राहून वर बघा. लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, उघड्या दिसल्या तर नशीबच. मंगलोरी कौलं असतील आणि एखादं खाली पडलेलं मिळालं, तर उलटून शिक्का वाचा. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचा अशा कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये निघाला, म्हणजे ते छप्पर त्याआधीचं नाही. भिंती मात्र त्याहून जुन्या असू शकतात. म्हणून कोनशिलेवरचं एक साल अख्ख्या इमारतीला चिकटवू नका.

२. गिलावा कुठे पडलाय ते शोधा. तिथे काळा दगड आणि चुन्याचे सांधे दिसतील. वरून सिमेंट थापलं असेल तर ओल आत कोंडते. डागडुजीच्या नावाखाली हे सर्रास चालतं.

३. वेदी ठळक आहे की प्रवचनाचं व्यासपीठ? स्कॉटिश मिशनकडे मान व्यासपीठाला.

कमानींची मापं, कैच्यांचे प्रकार सध्या राहू द्या. आणि रविवारी उपासना चालू असताना कॅमेरा काढू नका, आधी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारा. बहुतेक वेळा चावी घेऊन तेच सोबत येतात.