एसजीपीटीची ‘नॉर्मल’ मर्यादा ठरते कशी?

तुमचा प्रश्न असा: वय ३४, तक्रार काही नाही. नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एक एन्झाइम, रक्तात मोजतात) ४७ आला, तिथे मर्यादा ४०. चार दिवसांनी रामदासपेठेत ५२ आला, पण तिथे मर्यादा ५६. मग खरं कोणाचं?

दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असू शकतात. हे एन्झाइम मोजताना काही ठिकाणी रिएजंटमध्ये, म्हणजे तपासणीच्या रसायनात, बी-६ जीवनसत्त्वाचं एक रूप घालतात, काही ठिकाणी नाही. घातलं की आकडा वर जातो, म्हणून त्या पद्धतीची मर्यादाही वर. एका लॅबचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी ताडून पाहू नका.

आता मर्यादा येते कुठून ते सांगतो. मी नागपुरातच बावीस वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सांभाळली. पुस्तकी रीत अशी की किमान १२० निरोगी माणसं घ्यायची, पुरुष आणि बायका वेगळे. एसजीपीटीचे आकडे वरच्या बाजूला लांब शेपटासारखे पसरतात, त्यामुळे सरासरी काढून भागत नाही. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे. १२० जणांत खालून तिसरा आणि वरून तिसरा माणूस जिथे येतो, तीच तुमच्या रिपोर्टवरची रेंज. म्हणजे धडधाकट शंभर लोकांतले दोन-तीन जण रेषेच्या वर असणारच, ते रेषेच्या व्याख्येतच आहे.

पण वरून तिसरा तो माणूस खरंच निरोगी होता का? सगळी गोम इथेच आहे. प्रत्येक लॅबला १२० माणसं जमवणं झेपत नाही, म्हणून कंपनीने दिलेली रेंज वीस निरोगी लोकांवर तपासतात. दोनपर्यंत लोक बाहेर गेले तर चालतं, जास्त गेले तर थांबायचं. आमच्याकडे नवीन मशीन आलं तेव्हा आम्ही आमच्याच स्टाफचं रक्त घेतलं. वीसपैकी पाच वर गेले. आम्ही मशीनला दोष दिला, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, आकडे तेच. शेवटी त्या पाचांची सोनोग्राफी केली तर चौघांच्या लिव्हरवर चरबी निघाली. रोज कामावर येणारी, कधी आजारी न पडलेली माणसं! त्यांना ‘निरोगी’ धरून मर्यादा वाढवली असती तर पुढे तसाच प्रत्येक पेशंट ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेला असता. मला ही गोष्ट अजून बोचते.

इटलीत मिलानच्या संशोधकांनी २००२ मध्ये हेच दाखवलं. साडेसहा हजारांहून जास्त रक्तदात्यांमधून वजन, साखर, चरबी ठीक असलेले आणि औषध न घेणारे तेवढे निवडले, तर वरची मर्यादा पुरुषांत ३० आणि बायकांत १९ वर आली. म्हणून ५६ च्या आत आहे एवढ्यावरून निर्धास्त राहू नका, अन् ४७ पाहून घाबरूही नका.

तुम्ही अंबाझरीला पळता आणि जिम करता असं लिहिलंय. जोराच्या व्यायामाने स्नायूंतूनही एसजीपीटी आणि त्याच्या जोडीने मोजतात ते एसजीओटी एन्झाइम वाढतात, आठवडाभर टिकू शकतात. एसजीओटी तर लाल पेशींतही असतो, सॅम्पलमध्ये पेशी फुटल्या की तो उगाच वाढतो. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे, त्यातही एसजीओटी आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) वर दिसतात, तेव्हा घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. वाढत्या वयातल्या मुलांचा अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरच्या रिपोर्टमधलंच आणखी एक एन्झाइम) हाडांमुळे वाढलेला असतो, मोठ्यांची रेंज त्यांना लावायची नाही.

तर जिमला आठवडाभर सुट्टी द्या, दारू घेत असाल तर बंद ठेवा, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच धंतोलीच्या लॅबमध्ये पुन्हा तपासा. सोबत जीजीटी (हेही लिव्हरचंच एन्झाइम), साखर आणि लिपिड म्हणजे रक्तातली चरबी करून घ्या, कमरेचा घेर मोजा. आकडा पुन्हा चाळीसच्या वर आला तर सोनोग्राफी आणि हिपॅटायटिस बी-सी बद्दल डॉक्टरांशी बोला. कुठलं चूर्ण, काढा किंवा प्रोटीन पावडर चालू असेल तर त्याचा डबा घेऊनच जा.