स्लॅशचं सोलो काम ऐकायला ‘मेड इन स्टोक’पासून सुरुवात केली तर चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गन्स एन’ रोझेस या अमेरिकन रॉक बँडची जुनी गाणी पाठ आहेत, आता त्याचा गिटारवादक स्लॅश याचं स्वतःचं काम ऐकायचंय, तर सुरुवात ‘मेड इन स्टोक 24/7/11’ या लाइव्ह अल्बमपासून करावी का? आणि त्या बँडचा गायक ॲक्सल रोझ नसताना तीच गाणी दुसऱ्याच्या आवाजात का ऐकायची?

चालेल. मी तर म्हणेन, तिथूनच करा. सहसा मी कुणालाही लाइव्ह अल्बम आधी ऐकायला सांगत नाही. स्टुडिओतलं गाणं कानात बसलेलं असलं की स्टेजवर त्याचं काय झालं ते कळतं. पण स्लॅशच्या बाबतीत उलटं आहे, आणि त्याला कारण आहे.

गन्स एन’ रोझेसच्या बाहेर पाऊल टाकल्यापासून स्लॅशची अडचण एकच राहिली: गायक. तो स्वतः गात नाही. ‘स्लॅशेस स्नेकपिट’ या बँडचे दोन अल्बम निघाले, 1995 चा एरिक डोव्हरच्या आवाजात आणि 2000 चा रॉड जॅक्सनच्या. मग वेल्व्हेट रिव्हॉल्व्हर हा बँड आला, तिथे स्कॉट वायलंड होता. 2008 मध्ये तोही बाहेर पडला. तेव्हा 2010 मध्ये स्वतःच्या नावाने अल्बम काढताना स्लॅशने बँड बांधायचा विचारच बाजूला ठेवला आणि गाण्यागणिक वेगळा गायक बोलावला. ऑझी ऑस्बॉर्न, लेमी, क्रिस कॉर्नेल, इगी पॉप, इयन ॲस्टबरी, फर्गी, ॲडम लिव्हाइन, किड रॉक अशी ती यादी आहे. ‘घोस्ट’मध्ये तर ऱ्हिदम गिटारला, म्हणजे साथीच्या गिटारला, गन्स एन’ रोझेसमधला त्याचा जुना जोडीदार इझी स्ट्रॅडलिन आहे. अल्बम मला आवडतो, पण तो सलग ऐकताना एका माणसाचं काम ऐकतोय असं वाटत नाही. दर चार मिनिटांनी घर बदलतं.

मूळ यादीत दोन गाणी ज्याच्या वाट्याला आली असा गायक एकच होता, ऑल्टर ब्रिज या बँडचा मायल्स केनेडी. ‘बॅक फ्रॉम कॅली’ आणि ‘स्टारलाइट’. दौऱ्यावर एवढे पाहुणे घेऊन फिरणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची गाणी केनेडीच्या गळ्यात पडली. शिवाय वायलंडची, डोव्हरची, जॅक्सनची, आणि अर्थातच ॲक्सलची. बासवर टॉड कर्न्स, ड्रम्सवर ब्रेंट फिट्झ, ऱ्हिदम गिटारला बॉबी श्नेक. दौरा सुरू होऊन वर्ष उलटून गेल्यावर, 24 जुलै 2011 ला या पाच जणांनी स्टोक-ऑन-ट्रेंटच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जे वाजवलं ते या अल्बमवर आहे. तोवर ही दौऱ्यापुरती जमवलेली मंडळी राहिली नव्हती, बँड झाला होता. तो झालेला बँड इथे ऐकू येतो, आणि पुढचं बहुतेक सोलो काम त्यातूनच आलंय. म्हणून इथून सुरुवात करा म्हणतो.

आता ॲक्सलबद्दल. तुमची शंका रास्त आहे. ‘नाइटट्रेन’, ‘मिस्टर ब्राउनस्टोन’, ‘रॉकेट क्वीन’ ही गाणी त्या चिरक्या, अंगावर येणाऱ्या आवाजाशिवाय कल्पनेतही आणता येत नाहीत. केनेडीचा आवाज त्याहून स्वच्छ आहे. तोही तितकाच वर जातो, पण वर गेल्यावर फाटत नाही. तो ॲक्सलची नक्कल करत नाही आणि गाणं आपल्याकडे ओढून वेगळंही करत नाही. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये बालगंधर्वांची पदं गायली, तेव्हा ऐकणाऱ्याला मूळ गळा ठाऊक आहे हे धरूनच ते गात होते, केनेडीही तसंच धरून चालतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन ओळींत कान अडखळतो आणि मग आपण पहिल्यांदाच गाण्याची चाल आणि शब्द सुटे ऐकायला लागतो. हे सगळ्यात जास्त ‘सिव्हिल वॉर’मध्ये होतं. त्या गाण्यात मुळातच संयम लागतो, आरडाओरडा शेवटाकडे. केनेडी तो चढ इतका हळूहळू बांधतो की स्लॅशचा गिटारचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, येतो तेव्हा तो गाण्याचाच पुढचा शब्द वाटतो. मला या एका गाण्यासाठी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो.

सगळीकडे हे साधतं असं मात्र नाही. ‘स्लिदर’मध्ये वायलंडच्या खालच्या पट्टीतली ती सरपटणारी धमकी हवी असते, केनेडी तिथे फार सज्जन वाटतो. ‘प्रॉमिस’मध्ये क्रिस कॉर्नेलची भारदस्त खोली नाही. ‘वॉच धिस’ हे वाद्यांपुरतं गाणं आहे. स्टुडिओत त्यावर डेव्ह ग्रोल ड्रम्सला आणि डफ मकेगन बासला होते, इथे ते एवढं पकडत नाही. ते वगळलंत तरी फारसं बिघडणार नाही.

पण स्नेकपिटची चार गाणी अजिबात वगळू नका. माझ्या दृष्टीने अल्बमचं खरं देणं ते आहे. ‘बीन देअर लेटली’, ‘मीन बोन’ आणि ‘स्पीड परेड’ 2000 च्या अल्बममधली, ‘बेगर्स अँड हँगर्स-ऑन’ 1995 मधलं. हे दोन्ही अल्बम आले तेव्हा लोकांना गन्स एन’ रोझेसचं काय झालं याची उत्तरं हवी होती, ही गाणी कुणी नीट ऐकलीच नाहीत. इथे स्लॅश मैफलीची सुरुवातच ‘बीन देअर लेटली’ने करतो. हॉलमधल्या बऱ्याच जणांना जे गाणं ओळखीचंही नसेल ते पहिलं वाजवायचं आणि मग लगेच ‘नाइटट्रेन’. मला तो क्रम फार आवडतो. स्वतःच्या दुर्लक्षित कामावर माणसाचा किती जीव असतो ते त्यात दिसतं. ‘बेगर्स अँड हँगर्स-ऑन’ मूळ अल्बममध्ये चांगलं होतं, केनेडीच्या आवाजात ते मोठं झालंय. संथ, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या रॉकच्या वळणाचं गाणं आहे. मधल्या फळीत लपलंय म्हणून सोडून देऊ नका.

स्टोक का, हेही सांगायला हवं, कारण अल्बमचं नावच ते आहे. स्लॅश म्हणजे सॉल हडसन, जन्म लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा, 23 जुलै 1965. वडील इंग्रज, रेकॉर्डची मुखपृष्ठं करणारे. आई ओला हडसन कृष्णवर्णीय अमेरिकन, वेशभूषाकार, डेव्हिड बोवीसाठीही तिने काम केलं होतं. आई कामानिमित्त लॉस एंजेलिसला असायची आणि स्लॅश पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत वडील आणि आजी-आजोबांबरोबर स्टोकला वाढला. मातीची भांडी आणि चिनी मातीच्या कारखान्यांचं गाव आहे ते. म्हणजे ही मैफल बालपणीच्या गावात, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी झाली. व्हिक्टोरिया हॉल काही स्टेडियम नाही, एकोणिसाव्या शतकातलं, दीड हजारांच्या आसपास माणसं मावतील असं सभागृह आहे. ते रेकॉर्डिंगमध्ये कळतं. गर्दीचा आवाज समुद्रासारखा दूर नाही, जवळचा आहे, ‘पेशन्स’मध्ये लोक गातात ते अगदी शेजारी.

स्टोकचं आणखी एक नातं ‘डॉक्टर अलिबाय’मध्ये आहे. स्टुडिओत ते मोटरहेडच्या लेमीने गायलंय, आणि लेमीचा जन्म याच स्टोकमधल्या बर्स्लेमचा. त्या रात्री हे गाणं केनेडी गात नाही, बास वाजवणारा टॉड कर्न्स गातो. कर्न्सच्या आवाजाला खडबडीत धार आहे आणि तो ते अगदी दिलखुलास गातो. एवढ्या लांब कार्यक्रमात केनेडीच्या गळ्याला विश्रांती मिळते हा व्यवहाराचा भागही असेल, पण गाणं त्याने नुसतं भरून काढलेलं नाही.

तुम्ही दोन वर्षं गिटार शिकताय असंही लिहिलंय, म्हणून थोडं त्याबद्दल. अल्बमबरोबर वाजवायचं असेल तर सहाही तारा अर्धा स्वर खाली उतरवा. स्लॅश गन्स एन’ रोझेसच्या दिवसांपासून तशीच गिटार लावतो. हे न करता बसलात तर बोटं बरोबर आणि स्वर चूक असं होईल. नवशिक्या गिटारवादकांचं सगळं लक्ष ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’च्या सुरुवातीच्या रिफवर, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या तुकड्यावर, असतं. त्याऐवजी सोलोचा पहिला, सावकाश भाग घ्या. तो गिटारच्या मानेकडच्या पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागावर) वाजतो, म्हणून गोल आणि मऊ ऐकू येतो. आवाजाला ‘वा-वा’ असा हेल देणारं वा-वा पेडल नंतर येतं. तो पहिला भाग स्लॅश स्टेजवरही फारसा बदलत नाही, कारण तो लोकांना शब्दांसारखा पाठ आहे. वेगाचं काहीच काम नाही तिथे. एकेक तार किती ओढायची, ओढून कुठे थांबायचं आणि कंप किती रुंद ठेवायचा, एवढंच आहे, आणि तेच अवघड आहे. त्याच्या आधीचा ‘गॉडफादर’चा सोलोही ऐका. 1972 च्या चित्रपटातली निनो रोटाची ती चाल स्लॅश नव्वदच्या सुरुवातीपासून स्टेजवर वाजवतोय. साध्या चालीला गायकासारखं कसं म्हणावं याचा तो धडा आहे.

बॉबी श्नेककडेही लक्ष द्या. गन्स एन’ रोझेसच्या पहिल्या अल्बमची, ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ची, गाणी दोन गिटारींनी उभी राहिलेली आहेत, इझीच्या ऱ्हिदममुळे स्लॅशला मोकळं फिरता आलं. स्टोकमध्ये ती जागा श्नेक धरून ठेवतो, विशेषतः ‘मिस्टर ब्राउनस्टोन’मध्ये. सोलोंमागे धावताना हा माणूस ऐकू येत नाही, आणि बँडमध्ये वाजवायचं असेल तर तुम्हाला आधी त्याचं काम यायला हवं.

एकवीस ट्रॅक आहेत, एका बैठकीत संपवायला जाऊ नका. मधे थकायला होतं. ‘स्पीड परेड’पर्यंत एकदा ऐका, उरलेलं दुसऱ्या दिवशी. व्हिडिओही निघालाय. हात बघायचे असतील तर तो नंतर बघा, आधी नुसतं ऐका.

हे पचलं की 2012 चा ‘अपोकॅलिप्टिक लव्ह’ घ्या. तो स्टुडिओतला अल्बम असला तरी बँडने एकत्र वाजवून बराचसा तसाच रेकॉर्ड केलाय, आणि मुखपृष्ठावर आता स्लॅशबरोबर ‘मायल्स केनेडी अँड द कॉन्स्पिरेटर्स’ असं नाव आहे. स्टोकमध्ये जे जुळून आलं होतं त्यातून नवी गाणी कशी निघाली ते तिथे कळेल. केनेडी, कर्न्स आणि फिट्झ पुढेही स्लॅशबरोबर राहिले. 2015 मध्ये मुंबईत बीकेसीला एमएमआरडीए मैदानावर स्लॅश आला तेव्हाही हेच तिघं होते. 2010 चा पाहुण्यांचा अल्बम सगळ्यात शेवटी ठेवा. तोवर ती गाणी तुमच्या कानात केनेडीच्या आवाजात असतील, आणि मग ‘घोस्ट’मध्ये इयन ॲस्टबरी किंवा ‘प्रॉमिस’मध्ये क्रिस कॉर्नेल ऐकायला फार मजा येते.